जर्मनीत नवीन आहात? पहिल्या महिन्याचा किराणा असा भरा

एक गोष्ट विमानाचं तिकीट काढतानाच बघा, शनिवारी रात्री किंवा रविवारी जर्मनीत उतरायचं शक्यतो टाळा. रविवारी इथे दुकानं बंद असतात, म्हणजे खरंच बंद, कोपऱ्यावरचं एखादं तरी उघडं असेल अशी आशा ठेवायची नाही. आम्ही म्युनिकजवळ राहतो, बायर्न राज्यात, इथे तर रोजच रात्री ८ ला सुपरमार्केट बंद होतात, बाकी बऱ्याच राज्यांत १० पर्यंत किंवा त्याच्याही पुढे चालू असतात. रविवारी अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनमधली आणि एअरपोर्टवरची दुकानं उघडी असतात, तिथे गर्दीही जास्त आणि भावही जास्त, पण दूध-ब्रेड मिळतं. मुलं बरोबर असतील तर एअरपोर्टवरूनच दूध, ब्रेड, केळी घेऊन मगच घराकडे निघा. आम्ही ते केलं नव्हतं आणि आमच्या मुलीची इथली पहिली सकाळ सांगलीहून आणलेल्या भडंगावर गेली, ती रडली नाही पण मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. नवीन आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब पहिल्या आठवड्यात काय करतं, तर इंडियन स्टोअर कुठे आहे ते शोधतं, तासभर ट्रेनने जातं आणि कणिक, डाळ, रवा, बेसन, जिरं, दही, कोथिंबीर सगळं तिथूनच पाठीवर लादून आणतं. मी पण तेच केलं. सहा महिन्यांनी लक्षात आलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी घराशेजारच्या साध्या सुपरमार्केटमध्ये होत्या, कमी पैशात, फक्त त्यांची नावं मला माहीत नव्हती. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या महिन्यात दुकानं शोधण्यापेक्षा नावं शिका, पन्नासेक जर्मन शब्द आले की स्वयंपाकघर चालायला लागतं. शेल्फवरच्या पाकिटाचा फोनने फोटो काढायचा, ट्रान्सलेट करायचा आणि तो फोटो ठेवून द्यायचा, पुढच्या वेळी नवरा जाईल किंवा सासूबाई आल्या की त्या जातील, त्यांना तोच फोटो पाठवता येतो.

दुकानांचे ढोबळ तीन प्रकार. आल्डी, लिडल, पेनी, नेटो हे डिस्काउंटर, माल कमी प्रकारांत पण स्वस्त, रोजचं दूध, भाज्या, तेल, साखर, मैदा इथूनच घ्या. रेवे, एडेका, काउफलांड ही मोठी, तिथे निवड जास्त, आणि त्यांचे स्वतःचे स्वस्त ब्रँड असतात, रेवेचा ‘या’, एडेकाचा ‘गूट उंड ग्युन्स्टिग’, त्यांचे भाव डिस्काउंटरच्या आसपासच असतात, तेव्हा रेवे महाग म्हणून घाबरू नका, फक्त नजर खालच्या फळीवर न्या. तिसरं म्हणजे डीएम आणि रॉसमन, ही ड्रोगेरी. डायपर, बाळाचं खाणं, साबण, शाम्पू तिथे, पण तिथेच एका कोपऱ्यात ऑरगॅनिक धान्य आणि पिठं असतात, आणि आपली बरीच सोय त्या कोपऱ्यात होते. औषध मात्र तिथे शोधू नका, तापाचं सिरप किंवा पॅरासिटामॉल फक्त आपोटेके म्हणजे औषधाच्या दुकानात, आणि ती पण रविवारी बंद असते, फक्त पाळी असलेली एखादी उघडी असते, त्यामुळे मुलांचं तापाचं औषध घरात आधीच आणून ठेवा.

कणकेपासून सुरू करू कारण पोळी जमली की अर्धी लढाई जिंकली. इथे गव्हाच्या पिठाच्या पुडीवर टीपे ४०५, टीपे ५५०, टीपे १०५० असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम खनिजं उरतात तो, म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा, करंज्या-शंकरपाळ्यांना उत्तम. ज्या पुडीवर वाइत्सेन आणि फोलकॉर्न असं लिहिलंय ते अख्ख्या गव्हाचं पीठ, त्याच्यावर टीपेचा आकडा नसतो. पण नुसत्या फोलकॉर्नची पोळी लाटताना कडा फाटतात, कोंडा जाडसर असतो, म्हणून मी अर्धं फोलकॉर्न आणि अर्धं ५५० घेते, कोमट पाण्यात मळून निदान अर्धा तास झाकून ठेवते, घडीची पोळी छान होते. पुडीवर डिंकेल लिहिलं असेल तर ते गव्हाचंच भावंड पण वेगळं, त्याची कणिक सैल पडते, पहिल्यांदा करताना घेऊ नका. आणि हिर्झं म्हणजे ज्वारी नव्हे हे मी पीठ फुकट घालवून शिकले, भाकरी थापताच येत नाही. ज्वारी-बाजरीचं पीठ इंडियन स्टोअरमधूनच आणायचं.

रवा दोन प्रकारचा, वाइशवाइत्सेनग्रीस मऊ गव्हाचा, शिऱ्याला तो, आणि हार्टवाइत्सेनग्रीस कडक गव्हाचा, उपम्याला तो. बेसन म्हणजे किशरएर्ब्सेनमेल, डीएममध्ये बघा. हे काबुली चण्याचं असतं, चणाडाळीचं नाही, पिठलं आणि भजी होतात पण लाडवाला आपलंच बेसन लागतं, तिथे काटकसर करू नका. डाळीत रोटे लिन्सेन म्हणजे मसूर डाळ, ही सगळीकडे मिळते आणि कुकरशिवाय पण शिजते, त्यामुळे कुकर अजून सामानातून बाहेर आला नसेल त्या पहिल्या आठवड्यात हीच आमटी करा. शेलएर्ब्सेन नावाची पिवळी डाळ दिसायला हुबेहूब हरभरा डाळ पण ती सोललेल्या वाटाण्याची आहे, तिचं पुरण घालायला जाऊ नका, वाटाण्याचा वास येतो. तूर डाळ साध्या दुकानात शोधण्यात वेळ घालवू नका. बासमती कुठेही मिळतो, पण घरात लहान मूल असेल आणि मऊ गुरगुट्या भात लागत असेल तर मिल्शराइस घ्या, हा बुटका चिकट तांदूळ इथले लोक दुधात शिजवून गोड खातात, वरण-भाताला तो बासमतीपेक्षा कितीतरी बरा लागतो, खिरीला तर सुंदरच.

डाळ शिजत नाही अशी तक्रार बऱ्याच जणी करतात आणि दोष डाळीला देतात, पण बऱ्याचदा कारण पाणी असतं. म्युनिकचं पाणी जड आहे, कॅल्शियम भरपूर, केटलमध्ये पांढरा थर बसतो तो त्याचाच, आणि जड पाण्यात कडधान्यं शिजायला वेळ घेतात. रात्रभर भिजवा आणि शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, सोड्याला इथे नाट्रॉन म्हणतात आणि तो बेकिंगच्या फळीवर छोट्या पुड्यांत असतो. नळाचं पाणी मात्र निर्धास्त प्या, मुलांनाही द्या. बाटलीचं घेणारच असाल तर श्टिल लिहिलेलं बघा, नाहीतर सोड्याचं फसफसणारं पाणी घरी येईल आणि वरणात काय प्यायला पण जमणार नाही.

आता मसाल्याच्या फळीसमोर जरा थांबा कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. क्युमेल म्हणजे जिरं नव्हे. दिसतं सेम, पण ते शहाजिऱ्यासारखं दिसणारं वेगळंच बी आहे, इथे ब्रेडमध्ये आणि कोबीत घालतात, फोडणीत पडलं की अख्ख्या भाजीला उग्र वास येतो. आपलं जिरं म्हणजे क्रॉइत्सक्युमेल, आणि श्वार्त्सक्युमेल म्हणजे कलौंजी. म्हणजे शेपूट तेच, डोकं बघायचं. तसंच कोथिंबिरीचं, पेटरझीलिये नावाची एक चपट्या पानांची जुडी असते, लांबून बघितलं तर कोथिंबीरच वाटते, माझ्या पहिल्या पोह्यांवर तीच पडली होती. ओळखायची सोपी रीत म्हणजे पान चुरडून वास घ्या, आणि पाटीवर कोरिआंडर लिहिलंय का ते वाचा. हळद कुर्कुमा, मेथी बॉक्सहॉर्नक्ली, धने पण कोरिआंडरच पण मसाल्याच्या बरणीतले. मोहरी पिवळी मिळते, ती तडतडते पण चव सौम्य असते. पापरिका एडेलझ्यूस लिहिलेली लाल पूड तिखट नसते, गोडसर असते, रंगाला छान, पण तिखट म्हणून घातली तर रस्सा अळणी वाटेल.

दूध दोन जातीचं. फ्रिजमधलं ते फ्रिशमिल्श, बाहेर फळीवर ढिगाने रचलेलं ते हा-मिल्श, खूप गरम करून पॅक केलेलं, न उघडता काही महिने टिकतं. चहाला दोन्ही चालतात पण दही लावायला आणि पनीर करायला मी ३.५ टक्के फॅटचं फ्रिजमधलंच घेते. विरजणाला साधं नाटूरयोगुर्ट चालतं, एकदा लावलं की पुढे घरचंच. चक्का टांगायची गरजच नाही, क्वार्क नावाचा प्रकार दुधाच्या फ्रिजमध्ये असतो तो जवळपास चक्काच आहे. डब्यावर ४० टक्के दिसलं तर दचकू नका, ते पाणी काढून उरलेल्या भागातलं फॅट आहे, प्रत्यक्षात डब्यात साधारण ११ टक्केच असतं. तो ४० टक्केवाला क्वार्क, पिठीसाखर, वेलची, केशर, तासभर फ्रिजमध्ये, पाडव्याचं श्रीखंड तयार. मागरक्वार्क मात्र फॅट काढलेला असतो, त्याचं श्रीखंड रवाळ आणि आंबट होतं.

तूप घरीच कढवा. बटर २५० ग्रॅमच्या वड्यांत येतं, त्यात निदान ८२ टक्के फॅट असतं, म्हणजे एका वडीचं साधारण २०० ग्रॅम तूप. वडीवर झाउअरराम लिहिलंय का ते बघून घ्या, ते विरजलेल्या सायीचं बटर असतं, त्याच्या तुपाला घरच्या लोण्याचा वास येतो, झ्युसराम म्हणजे न विरजलेल्या सायीचं, त्याला तो येत नाही. तयार तूप हवं असेल तर बुटरश्माल्त्स. इथे शाकाहारी लोकांनी शब्द पूर्ण वाचायचा, कारण नुसतं श्माल्त्स किंवा श्वाइनेश्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी, आणि ती तशीच पांढरी, तशाच पॅकमध्ये, कधी कधी शेजारीच असते.

शाकाहारी असाल तर अजून थोडे शब्द पाठच करा. श्वाइन डुक्कर, रिंड गाय-बैल, हुन किंवा हेनशन कोंबडी, पुटे टर्की, श्पेक म्हणजे डुकराची खारवलेली चरबी-मांस, ही बटाट्याच्या सॅलडमध्ये, सूपमध्ये, कधी पावात पण लपलेली असते. गेलाटीने जनावरांची, ती मुलांच्या जेली-गोळ्यांत असते आणि काही योगर्ट-डेझर्टमध्ये पण. चीजमध्ये लाब म्हणजे वासराच्या पोटातलं एन्झाइम असू शकतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी मिक्रोबिएलेस लाब लिहिलेलं घ्यावं. हिरव्या ठिपक्याची आपल्यासारखी सक्ती इथे नाही, पिवळं व्ही-लेबल असतं पण ते सगळ्याच पाकिटांवर नसतं, त्यामुळे घटक वाचायला पर्याय नाही, पहिले काही आठवडे वेळ जातो मग नजर आपोआप पडते. आणि मुलांना घेऊन मांसाच्या काउंटरवरून जाताना एक लक्षात ठेवा, तिथली बाई प्रेमाने मुलाच्या हातात सॉसेजचा तुकडा देते, ही इथली जुनी पद्धत आहे, त्यात त्यांचा वाईट हेतू काहीच नसतो. हसून नाइन डांके, वेजेटारियर एवढं म्हटलं की पुरतं, पण मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याचा हात पुढे गेलेला असतो आणि मग तुमची पंचाईत.

भाज्यांचं म्हणाल तर कोबी, फ्लॉवर, बटाटा, गाजर, पालक, काकडी, टोमॅटो रोजचे. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, आणि तो इथे कोवळा, स्वस्त आणि मुबलक, पाल्यासकट घ्या, पाल्याची पण भाजी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होक्काइडो नावाचा केशरी भोपळा येतो, साल काढायला लागत नाही, घारग्यांना एक नंबर. मटार आणि पालक फ्रोझन घ्या, ताज्यापेक्षा स्वस्त पडतात. भेंडी, वांग्याचे प्रकार, हिरव्या मिरच्या, मोठ्या जुड्यांची कोथिंबीर आणि पुदिना यासाठी तुर्की दुकान गाठा, मला तर नवीन कुटुंबासाठी इंडियन स्टोअरपेक्षा तुर्की दुकान जास्त महत्त्वाचं वाटतं. सुपरमार्केटमध्ये चार काड्या कोथिंबीर प्लॅस्टिकमध्ये मिळते, तेवढ्या पैशांत तुर्की दुकानात हातभर जुडी मिळते. तिथेच १० टक्के फॅटचं दही मोठ्या बादलीत, छोले, राजमा, आणि आयरान म्हणजे मीठ घातलेलं ताक. म्युनिकमध्ये मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएथेश्ट्रासे, लांडवेअरश्ट्रासेच्या बाजूला अशी दुकानं एकापाठोपाठ एक आहेत. खिशात रोख ठेवा, बऱ्याच छोट्या दुकानांत ठरावीक रकमेच्या खाली कार्ड घेत नाहीत. आणि आठवडी बाजारात, वोखेनमार्क्टमध्ये, भाजी स्वतःच्या हाताने निवडायला जाऊ नका, विक्रेत्याला सांगायचं आणि तो देतो, आपली टोमॅटो दाबून बघायची सवय इथे त्यांना आवडत नाही. भाव पण करत नाहीत.

इंडियन स्टोअरला महिन्यातून एकदा जा आणि यादी अशी ठेवा, तूर डाळ, मूग डाळ, उडीद, हरभरा डाळ, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, लाडवाचं बेसन, काळी मोहरी, हिंग, गूळ, कढीपत्ता, फ्रोझन खवलेला नारळ. बस.

आता दुकानात वागायचं कसं. ट्रॉलीला साखळी असते, त्यात १ युरो किंवा ५० सेंटचं नाणं घालायचं, ट्रॉली परत लावली की नाणं परत. पिशव्या घरून न्या, पातळ प्लॅस्टिक कॅरीबॅगवर १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, कागदी मिळतात पण विकत. भाजीच्या पाटीवर श्ट्युक असेल तर भाव नगावर, नसेल तर किलोवर. काही दुकानांत भाजी आपणच वजन करून स्टिकर लावायचा असतो, भाजीजवळ स्क्रीनवाला काटा दिसला तर समजा इथे तसं आहे, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतील. प्रत्येक किमतीच्या खाली बारीक अक्षरात ग्रुंडप्राइस म्हणजे किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, तुलना त्याचीच करा, मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. किमतीत टॅक्स धरलेला असतो, वर काही लागत नाही. काउंटरवरची बाई सामान इतक्या वेगाने सरकवते की पहिल्यांदा छाती दडपते, तिथे उभं राहून नीट पिशवी भरायची नाही, सगळं परत ट्रॉलीत टाका, पैसे द्या आणि बाजूला टेबल असतं तिथे सावकाश भरा. जड सामान आधी पट्ट्यावर ठेवा, अंडी-टोमॅटो शेवटी, म्हणजे ट्रॉलीत पण त्याच क्रमाने पडतात.

बाटल्यांचं डिपॉझिट, फांड, हे नवीन माणसाला बिल बघून कळत नाही, पाण्याची बाटली स्वस्त लिहिली होती मग बिलात २५ सेंट जास्त कसे. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅन यांना २५ सेंट, परत परत भरतात त्या बाटल्यांना बहुतेक १५, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुतेक ८. २०२४ पासून प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या दुधाला पण आहे. बाटली चेपू नका, लेबल काढू नका, मशीनला ते वाचायचं असतं. दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची, पैसे वळते होतात. आमच्या मुलीला हे काम फार आवडतं, त्या चिठ्ठीतून तिचं एक केळ आणि एक पाव येतो.

तारखेचे दोन प्रकार. मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस म्हणजे निदान या तारखेपर्यंत उत्तम, त्यानंतर दही-पीठ लगेच खराब होत नाही, वास-चव बघून वापरा. झु फरब्राउखेन बिस लिहिलं असेल तर ती तारीख पाळायचीच, ती मांस-मासळीसारख्या नाशवंत गोष्टींवर असते.

भारतातून येताना सामानात काय भरायचं हे पण इथेच सांगते, कारण आई-सासूबाई हमखास तुपाची बरणी देतात. युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, कंदी सगळं आलं. कस्टमने बॅग उघडली तर काढून टाकतात आणि आईने रात्र जागून केलेलं डोळ्यांसमोर कचऱ्यात जाताना बघवत नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीला २ किलोपर्यंत सूट आहे, बंद पाकिटात आणि फ्रिज न लागणारी असेल तर. ताजी फळं-भाज्या-पानं यांना झाडांच्या रोगांबाबतचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता नको, नारळ मात्र चालतो. त्यापेक्षा ती जागा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं, चांगला हिंग यांना द्या, हे इथे मनासारखं मिळत नाही.

आणि शेवटी कॅलेंडर. दुकानं फक्त रविवारी नाही, सगळ्या सरकारी सुट्ट्यांना बंद असतात, आणि प्रत्येक राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार, मध्ये फक्त शनिवार, त्या शनिवारी रांगा दारापर्यंत येतात. २४ डिसेंबरला दुपारपर्यंतच, मग २५ आणि २६ बंद. बायर्नमध्ये बऱ्याच गावांत १५ ऑगस्टला पण सुट्टी आणि १ नोव्हेंबरला आलरहायलिगन. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं, शुक्रवारी, मी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता दूध, बटर आणि बत्तासे नाहीत म्हणून खडीसाखर घेऊन आले तेव्हा दुकानात दुधाची शेवटची चार पाकिटं उरली होती.